बुरुलचा ठेका

माझी बायको बुरुल गेल्याला वर्ष झालं. वर्षाच्या जेवणाला चारशे माणसांसमोर तिचा गाण्यातला जोडीदार इस्केंदर तिची गिटार वाजवणार, म्हणून तिचा आवाज स्पीकरला पोचवणारा पिकअप बसवायला आम्ही ओश शहरातल्या वाद्यं बनवणाऱ्या उस्तादांकडे गेलो. बारा उन्हाळे तो तिच्याबरोबर गायला. मी तेव्हा मेंढ्यांमागे डोंगरावर. “तारांखाली बसवला तर ताराच ऐकू येतील,” उस्ताद म्हणाले. “आत लाकडाला चिकटवला तर लाकडावर पडणारा हातही ऐकू येईल, पण आवाज वाढवणारा प्रीअँप भारी लागेल.” “आतलाच,” इस्केंदर म्हणाला. “बुरुल लाकडावर अंगठ्याने ठेका धरायची.” सव्वीस वर्षं नवरा मी, आणि हे ह्याने सांगावं! “तारांखालचाच बसवा,” मी म्हणालो. “तिचा ठेका गेला. आता वाजेल तो ह्याचा.” इस्केंदरने गिटारच्या लाकडावर अंगठ्याने तिचा ठेका धरला. हाच ठेका माझ्या पाठीवर धरून ती रोज उठवायची. “आतलाच बसवा, उस्ताद,” मी म्हणालो. “इस्केंदर, तारा तू वाजव. ठेका मी धरणार.”