तीन पेड

"मुक्ता, हलू नकोस गं. मधला पेड सुटतोय," मी करवादलो. समोर लॅपटॉपवर मीटिंग सुरू होती. सोमवारपासून कुणी ऑफिसला यायचं आणि कुणी घरूनच काम करायचं, ते मॅडम एकेकाला कारण विचारून ठरवत होत्या.

माझं कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतंच. बायको नर्स, तिची ड्युटी सकाळी सातची. पूर्वी मीही सातलाच निघायचो. शेजारच्या काकू लेकीला स्कूलबसपर्यंत सोडायच्या, पण वेणी घालायला कुणी नव्हतं, म्हणून तिचे केस कापून टाकले होते. दोन दिवस ती घरातही टोपी घालून बसली होती. गेल्या वर्षभरात घरून काम करता करता मी वेणी घालायला शिकलो आणि तिचे केस पाठीवर आले.

"बाबा, तू ऑफिसला गेलास की परत कापायचे?" तिनं विचारलं.

मी स्क्रीनकडे पाहिलं. माझा माइक चालूच होता, कॅमेराही. सगळे आमच्याकडेच बघत होते.

मॅडमनी घसा खाकरला. "नाही कापायचे म्हणून सांगा तिला. आणि रिबीन घट्ट बांधा, शाळेत सुटेल."