सगळ्यांना एकच निरोप

"सतर्क राहावे" हे शब्द तिने खोडले.

"सतर्क म्हणजे नेमकं काय करायचं माणसांनी?" ती साहेबांना म्हणाली. "डोळे वटारून नदीकडे बघत बसायचं?"

तिने लिहिलं:

घर सोडा. आत्ता. सामान राहू द्या. टेकडीवरच्या शाळेत जा. दिवेलागणीच्या आत पाणी घरात शिरेल.

साहेबांनी वाचलं. खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं. पाऊस कोसळला होता तो वर, डोंगरात. इथलं आभाळ पाहून कुणीही खुशाल धुणं वाळत घातलं असतं.

"इतकं रोखठोक? घाबरतील हो लोक."

"घाबरू देत. घाबरून जिवंत तरी राहतील."

साहेबांनी मान डोलावली. तिने बटण दाबलं. नदीकाठचा प्रत्येक फोन एकाच वेळी वाजला.

तिचा हात सवयीने स्वतःच्या फोनकडे गेला. थांबला.

गेल्या पुरात तिने आधी घरी कळवलं होतं. खात्याचा इशारा मागाहून निघाला. सासूबाईंनी कपाट हातगाडीवर चढवलं. ते बघून अख्खी गल्ली हलली. खालच्या वस्तीला मात्र पाणी उंबऱ्याला लागल्यावर कळलं. भांडीकुंडी, शेळ्या, सगळं गेलं. "हवामान खात्याची सून शेजारी असावी लागते," वस्तीतली एक बाई तिला भर रस्त्यात म्हणाली होती. "आमच्या शेजारी नुसती नदी."

तेव्हाच तिने मनाशी खूणगाठ बांधली. जो निरोप सगळ्यांना, तोच घरी. आधी नाही. वेगळा नाही.

फोन तिने खणात टाकला आणि खण लोटला.

पुलावरचा कॅमेरा. आवाज नाही.

पडद्याच्या कोपऱ्यात तिची गल्ली. ओट्यावर सासूबाई, मांडीवर सूप, शेंगा निवडताहेत. शिंपी फाटकाशी येतो, हातात फोन. काहीतरी विचारतो. सासूबाई हात हलवतात: जा, जा. शिंपी लगबगीने वळतो.

तिला हसू फुटलं. "बघा साहेब, आमच्या आई कामाला लागल्या. एकेकाला हाकलताहेत."

"सुनेवर गेल्या म्हणायच्या!"

घर सोडा. आत्ता. सामान राहू द्या.

(निरोप पुन्हा गेला.)

कॅमेरा. आवाज नाही. शाळेतल्या बाई येतात, दोन्ही पोरांचे हात धरून. सासूबाईंचा हात: जा, जा. दूधवाला. जा, जा. मग शेजारचं कुटुंबच्या कुटुंब, म्हाताऱ्यासकट, डोक्यावर बोचकी. अगदी निघालेलं.

जा, जा.

बोचकी पुन्हा घरात गेली.

विसरलं असेल काहीतरी, असं ती स्वतःला म्हणाली. आता निघतील.

घर सोडा. आत्ता.

(आणखी एकदा.)

रस्त्यावर चिटपाखरू नाही. टेकडीच्या वाटेवरही नाही. शिंप्याने दुकानाचं अर्धं ओढलेलं शटर पुन्हा वर केलं. शाळेतल्या बाई गच्चीत आल्या. बादली खाली ठेवली. एक चादर झटकली आणि दोरीवर टाकली.

"हे काय चाललंय?" साहेब खुर्चीतून उठले. "निरोप पोहोचला ना सगळ्यांना?"

गल्लीच्या टोकाला काहीतरी चकाकलं. पातळ, सपाट, पुढे सरकणारं.

तिने खण ओढला. नंबर लावला. पडद्यावर सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या, सावकाश आत गेल्या. चकाकणारं ते शिंप्याच्या पायरीशी आलं.

"आई! अजून घरातच?"

"मग कुठे जाऊ या गुडघ्यांनी? जेवलीस का तू?"

"आई, इशारा आला नाही का तुम्हाला?"

"आला की! केवढ्यांदा कोकलला मेला. गल्लीतली सगळी विचारायला आली. बिचाऱ्यांनी बोचकीसुद्धा बांधली होती." सासूबाई हसल्या. "एकेकाला घरी धाडलं मी. म्हटलं, खरं असतं तर आमच्या सूनबाईने आधी मला फोन केला असता."