पाळण्याने मारलेली हाक

बारशाला बायका जमल्या होत्या, पण केतकीचा जीव मोबाइलवरच्या बातमीत अडकला होता. आईच्या आवाजात अंगाई म्हणणाऱ्या पाळण्यांत व्हायरस शिरला होता. आईच्याच आवाजात तो बाळांना एकाच नावाने हाका मारायचा. ते नाव होतं ‘लोमी’.

“अगं, ते दुसऱ्या कंपन्यांचे पाळणे,” तिचा नवरा हृषीकेश म्हणाला. “आपल्या पाळण्याला व्हायरस लागतच नाही.”

“कुणी सांगितलं?”

“दुकानदाराने.”

“वहिनी, ठेव गं तो फोन! आज आत्याचा मान आहे,” नणंद मृण्मयी म्हणाली.

आत्याने कानात सांगेपर्यंत नाव उच्चारायचं नाही, हा सासरचा रिवाज केतकीने हौसेने पाळला होता. तीन महिने घरातल्या कुणीच लेकीला नावाने हाक मारली नव्हती.

मृण्मयी पाळण्यावर वाकली. “कुर्रर्र... शाल्मली!” बायकांनी हसत तिच्या पाठीत धपाटे घातले. लेक मात्र झालरीकडेच बघत राहिली.

“एवढ्यात कुठलं नाव कळायला तिला!” कुणीतरी म्हणालं. केतकीलाही तसंच वाटायला हवं होतं. त्या गोंधळात ती हळूच वाकली आणि पुटपुटली, “लोमी.”

लेकीने झटकन मान वळवली आणि ती तोंडभर हसली. पण ती केतकीकडे बघत नव्हती. पाळण्याच्या कडेला स्पीकरची बारीक जाळी होती, तिच्याकडे बघून ती दोन्ही हात नाचवत होती.