भर दुपारचा उजेड

उस्मानपुऱ्यात बद्रीनाथचा फोटो स्टुडिओ होता, आणि लग्नाळू माणसाचं वैगुण्य झाकावं तर त्यानंच. गालावर डाग असला तर तो दिवा दुसऱ्या बाजूनं लावायचा. टक्कल असलं तर काळ्या पडद्यापुढं बसवून दिवा खालून लावायचा. डोकं पडद्यात विरायचं आणि बघणाऱ्याला दाट केस वाटायचे.

त्याच्या मुलाचा, रंगनाथचा फोटो पसंत करून सिल्लोडच्या चतुराबाई आपल्या लेकीचा फोटो घेऊन स्टुडिओतच आल्या. रंगनाथ टोपी सावरत चहा सांगायला पळाला. बद्रीनाथनं फोटो डोळ्यांजवळ धरला आणि मान हलवत खाली ठेवला.

"डावा गाल मुद्दाम सावलीत ठेवलाय. आम्हाला नका शिकवू, बाई. पोरगी आम्ही भर दुपारी अंगणात बघणार."

"बघा की, पाव्हणं," चतुराबाई म्हणाल्या. "तिच्यासमोर तुमचा रंगनाथ बी उन्हातच बसवू. बिगर टोपीचा."

बद्रीनाथनं खाली ठेवलेला फोटो अलगद पुन्हा उचलला.

 

"ऊन कशाला, बाई? फोटोत समदं सोन्यावानी दिसतंय की."