आज ओढतंय का?

"वहिनी, आज ओढतंय का?"

नामदेवरावांनी दारात चपला काढता काढताच विचारलं. शेजारच्या बाईला असं विचारायची रीत नव्हे. पण गौलीगुड्याच्या त्या गल्लीत आता कुणाला त्याचं काही वाटत नसे. जयवंताबाईंनी उजवा हात डाव्या काखेत दाबला आणि डोळे मिटले. नामदेवरावांनी श्वास रोखला. त्यांची मिरचीची गाडी बेगम बाजारात उतरायची होती.

"ओढतंय," बाई म्हणाल्या. "उद्या बंद."

गाडी शहराबाहेरच थांबली. दुसऱ्या दिवशी बंद झाला.

ते दिवस वेगळ्या राज्याच्या मागणीचे. जाहीर झालेला बंद होत नसे, आणि होणारा बंद जाहीर होत नसे. टीव्हीवरचे जाणकार चुकत. जयवंताबाईंची काख चुकत नसे.

त्या काखेचा इतिहास असा. कॅन्सर झाला म्हणून त्यांचा डावा स्तन काढला होता. आजार गेला, जखम भरली. व्रण मात्र घर करून राहिला. कातडी बरगडीला चिकटलेली, आणि काखेपासून कोपरापर्यंत आतून एक दोरी ताणून बांधलेली. हात वर नेला की ती दोरी खेचायची. अंबाड्यापर्यंत हात पोचत नसे, म्हणून अंबाडा त्यांचे यजमान उमाजीराव बांधत. उमाजीरावांचं दुकान झाडूंचं. अंबाडा सुटायची बिशाद नव्हती. दिसायचा मात्र झाडूच्या मुठीसारखा.

ऑपरेशननंतर लोक भेटायला येत ते दुखवट्याला आल्यासारखे. नजर आधी पदरावर, मग घाईघाईने छताकडे, मग जमिनीवर. बशीतला चहा तसाच निवायचा. नामदेवराव तर समोर बसलेल्या बाईविषयी "फार गुणी हो" असं भूतकाळात बोलत. पुढे काखेला बंद कळू लागला आणि तीच माणसं हसत येऊ लागली, दोन-दोनदा चहा पिऊ लागली. उमाजीरावांची तर मान ताठ झाली. "डॉक्टरांनी एक नेलं," ते दुकानात सांगत, "देवानं एक दिलं."

मग राज्य झालं. बंद संपले.

एका दुपारी फोन वाजला. तो उमाजीरावांनी उचलला. जयवंताबाई हाताच्या व्यायामाला कोठी भागातल्या ज्या दवाखान्यात जात, तिथली मुलगी बोलत होती.

"अंकल, आंटी को बोलो, कल बराबर आना. अब बंद-विंद कुछ नहीं. मेरा भाई बस डिपो में है ना, उसको पूछ पूछ के मैं आंटी को फोन करती थी, 'कल आओ नक्को' बोल के. थक गई मैं!"

उमाजीरावांनी फोन ठेवला. तेलाची वाटी घेऊन बायकोच्या मागे बसले. डॉक्टरांनी व्रण रोज चोळायला सांगितला होता. चोळता चोळता त्यांनी फोनचं सांगितलं.

"म्हणजे ओढत नव्हतं तर?"

"अहो, ओढतं तर रोजच," जयवंताबाई म्हणाल्या. "पण दुखतंय म्हटलं की लोक छताकडे बघतात. बंद आहे म्हटलं की चहा मागतात. मला चहा मागणारी माणसं बरी वाटतात."

त्यांनी पदर सारखा केला, तोच दारात चपला वाजल्या. नामदेवराव आत आले, खुर्चीच्या टोकावर टेकले. विचारायला आता काही उरलं नव्हतं. त्यांची नजर पदरावर गेली, तिथून छताकडे.

"बाकी... तब्येत कशी आहे वहिनींची?" आवाज पुन्हा तेराव्याचा झाला होता.

जयवंताबाईंचा चेहरा उतरला. बोटं नुसतीच पदराशी चाळा करत राहिली.

उमाजीरावांनी तेलाचे हात पंच्याला पुसले.

"ओढतंय तिला," ते गंभीरपणे म्हणाले. "उद्या दुपारी करंट जाणार."

"काय सांगता!" नामदेवराव खुर्चीत ऐसपैस मागे रेलले. "मग वहिनी, आधी चहा टाका."