पुलावरचा नारळ

पनवेलहून भाड्यानं आणलेला व्हीसीआर गव्हाणच्या घरात लागला, तेव्हा सत्यवतीनं जावेला मुद्दाम सगळ्यात पुढं बसवलं. शिवा अमेरिकेला गेल्यापासून आईला विचारत नाही, असं ही जाऊ, सोनाबाई, गावभर सांगत सुटली होती. आता बघ म्हणावं डोळे फाडून, माझ्या लेकानं मला कशी फिरवली ते.

तिकडची कॅसेट इथल्या टीव्हीवर काळी-पांढरीच दिसत होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीवरचा तो पूल आला. दोन उंच खांब, त्यांच्यावरून सोडलेल्या तारा आणि तारांना टांगलेला रस्ता.

"लाल हाय तो," सत्यवती म्हणाली.

"मना तं कालाच दिसतंय," सोनाबाई म्हणाली.

कठड्याशी सत्यवती उभी होती, नऊवारीवर लेकाचा कोट घालून. त्या दिवशी नारळी पुनव होती. खाडी कुठलीही असो, पुनवेला तिला नारळ द्यायचा, हे मिठागरवाल्यांच्या घरातल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. कोटातून तिनं नारळ काढला, कपाळाला लावला आणि दिला सोडून खाली. कॅमेरा धरलेली सून मिताली किंचाळली. पुलाखालून बोटी जात होत्या. पोलीस धावतच आला.

घरातले सगळे टीव्हीकडं सरकले. पोलीस सत्यवतीकडं बोट दाखवून काहीतरी विचारत होता आणि शिवा हसत हसत इंग्रजीत उत्तर देत होता. सत्यवती मध्ये उभी राहून दोघांना हात जोडत होती. शेवटी पोलीसही हसला आणि निघून गेला.

"काय बोल्ला गो शिवा?" सोनाबाईनं भाविकाला विचारलं. भाविका शिवाच्या धाकट्या भावाची, परेशची बायको. पनवेलच्या कॉलेजात शिकलेली, यंदाच लग्न होऊन आलेली. इंग्रजी कळणारी घरात ती एकटीच.

शिवा म्हणाला होता, ही आमच्याकडे कामाला आहे. भारतातून नवीनच आणलीय, तिला काही कळत नाही.

मेल्यानं जन्मदात्या आईला मोलकरीण करून टाकलं होतं. आणि गावात इंग्रजी कुणाच्या बापाला कळतंय, म्हणून कॅसेट खुशाल तिच्याच हातात दिली होती. भाविकाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण सासू तिच्या तोंडाकडं बघत होती.

"दादा बोल्ले, ही माजी आय हाय," भाविका म्हणाली. "आज आमचा सन हाय, म्हनून तिनं नारल दिला. पोलिसानं मंग माफ केलं."

सोनाबाईचं तोंड एवढंसं झालं. "नशीब काढलंस गो सत्ये," म्हणत ती उठली. तिच्यामागोमाग बाकीचेही आपापल्या घरी गेले.

भाविका कॅसेट काढायला वाकली. सत्यवती जागची हलली नव्हती.

"बाय, तीन महिने र्‍हायलंय मी तिथं. मदर म्हंजे आय, येवरा कलतं मना. शिवा तो सबद बोल्लाच नाय."

भाविका कॅसेट हातात घेऊन तिच्याकडं वळली.

"खरा काय बोल्ला, त्ये मना सांगू नको," सत्यवती म्हणाली. "पन उद्या कोनी इचारलं, तं आज सांगितलंस तेच सांग."