सगळे शून्य

“वर्ष झालं, रोज मेलं तेच मऊमऊ! बत्तीशी शाबूत असून तान्ह्या बाळासारखी जेवतेय मी,” दवाखान्याच्या बाकावर सासूबाई पुटपुटल्या. सुनेने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आत डॉक्टरांनी प्रश्नांचा कागद पुढे ओढला. सुनेचे स्नायू थकवणाऱ्या मायस्थेनियावरचं इंजेक्शन तेच ठेवायचं की बदलायचं, हे आज ठरणार होतं. मागच्या खेपेला जुनं औषध बंद होऊन नवं सुरू होईपर्यंत तिचा श्वासच अडकला होता. बारा दिवस मशीनवर होती ती. पुन्हा ते नको.

“चावताना त्रास?”

“नाही.”

“केस विंचरताना हात भरून येतात?”

“नाही हो.”

“खुर्चीतून उठताना?”

“छे!”

डॉक्टर शून्यावर शून्य मांडत गेले. एकही उत्तर खोटं नव्हतं. “छान! मग हेच चालू ठेवू.”

“थांबा,” सासूबाई म्हणाल्या. “चावायला त्रास होईल कसा? चावावं लागेल असं काही मी वर्षभर शिजवलंच नाही. हिचे केस मीच विंचरते. खुर्चीतून उठवतेही मीच.”

सुनेने टेबलाखालून त्यांचा हात दाबला. गप्प बसा ना, आई.

सासूबाईंनी खाली पाहिलं.

“अगं, दाब की जोरात,” त्या हळूच म्हणाल्या. तिने सगळा जीव एकवटून दाबला. तोच हात धरून त्या डॉक्टरांकडे वळल्या.

“हे औषध लागू पडत नाहीये हो. बदला.”